दुय्यम आजाराचा दावा फेटाळला? आधी कारण वाचा
सेवेत गुडघा दुखावला, लंगडून चालल्याने पुढे कंबरही गेली. अमेरिकी माजी सैनिकाचा भरपाईसाठीचा असा दावा व्हेटरन्स अफेअर्स खात्याने नाकारला, तर निकालपत्रातलं कारण नीट वाचा. अनेकदा घोडं अडतं ते दोन आजारांमधल्या दुव्यावर. ‘गुडघ्यामुळे कंबर बिघडली किंवा आधीचं दुखणं वाढलं, याची शक्यता किमान ५० टक्के’ असं डॉक्टरांकडून कारणांसह लिहून घ्या. नुसतं ‘असू शकेल’ पुरत नाही (डॉक्टर मंडळींचा आवडता शब्द!). हे पत्र सप्लिमेंटल क्लेमला, म्हणजे नव्या पुराव्यासह पुन्हा केलेल्या दाव्याला जोडा; हायर-लेव्हल रिव्ह्यूत (वरिष्ठ अधिकाऱ्याकडून होणारी फेरतपासणी) नवा पुरावा विचारात घेतच नाहीत. निकालानंतर वर्षाच्या आत अर्ज केलात, तर थकबाकी सहसा मूळ दाव्याच्या तारखेपासून मिळते.