हेलिकॉप्टरने माथ्यावर, सायकलीने खाली: गोव्यात राहून करायची तयारी

सायकलीसह हेलिकॉप्टरने डोंगरमाथ्यावर उतरायचे आणि मार्गदर्शकामागून एकेरी पायवाटेने हजार ते दीड हजार मीटर खाली यायचे, अशा सहली मुख्यतः कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आणि न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर क्वीन्सटाउन व वानाका परिसरात होतात. चढ हेलिकॉप्टरच चढणार असल्यामुळे बेताची तयारीही पुरेल, असा समज आपल्याकडच्या सायकलस्वारांमध्ये सर्रास आढळतो, आणि तोच सर्वांत महागात पडतो. हेलिकॉप्टर पायांचे श्रम वाचवते. हातांचे वाचवत नाही. दगडगोट्यांच्या सलग उतारावर ब्रेक धरून बोटे आखडतात, पेडलवर उभे राहून मांड्या भरून येतात, आणि थकलेल्या माणसाने वाटेतच थांबायचे ठरवले तरी तिथे ना रस्ता असतो ना गाडी. म्हणून गोव्यातून जाणाऱ्याने सराव चढाचा नव्हे, उताराचा करावा.

आधी हंगाम ठरवावा. ब्रिटिश कोलंबियातील उंच पायवाटांवरचा बर्फ साधारण जुलैत वितळतो आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात थंडी पुन्हा जोर धरते. हाच काळ आपल्याकडे पावसाचा आणि चवथीचा असतो. म्हणजे जाण्यापूर्वीच्या महिन्यांत नीट सराव होत नाही आणि घरच्यांची नाराजी वेगळी. शिवाय तिथल्या उन्हाळ्यात जंगलांना आगी लागतात. २०२३ चा हंगाम त्या प्रांताच्या नोंदींतील सर्वांत वाईट ठरला होता. डोंगरांवर धूर साचला की दृश्यमानतेअभावी हेलिकॉप्टर उडत नाही. न्यूझीलंडचा उन्हाळा मात्र डिसेंबर ते मार्च असतो; पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथे सराव करून लगेच निघता येते. पहिल्या सहलीसाठी मी न्यूझीलंडच सुचवीन. भारतीय पारपत्रावर दोन्ही देशांसाठी व्हिसा लागतो आणि त्याला वेळ द्यावा लागतो. गोव्यात अनेकांकडे असलेल्या पोर्तुगीज पारपत्रावर मात्र ऑनलाइन प्रवास-परवाना पुरतो. एकाच घरातल्या दोघांची पारपत्रे वेगळी असतील, तर अर्जांच्या तारखा वेगवेगळ्या धराव्यात.

सहल घडवणाऱ्या संस्थेशी बोलताना छायाचित्रांवर जाऊ नये, प्रश्न विचारावेत. मार्गदर्शकांनी दुर्गम भागातील प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतले आहे का, एका मार्गदर्शकामागे किती सायकलस्वार असतात, मोबाइलची रेंज नसलेल्या खोऱ्यात उपग्रह फोन किंवा रेडिओ बरोबर असतो का, आणि हवामानामुळे उड्डाण रद्द झाल्यास पैसे परत मिळतात की दुसरी तारीख मिळते, हे लेखी घ्यावे. हेलिकॉप्टरचा खर्च उड्डाणाच्या वेळेवर ठरत असल्याने गटातल्या सगळ्या जागा भरल्या तर माणशी भार कमी होतो, म्हणून इथूनच चार-पाच जणांनी मिळून जाणे व्यवहार्य ठरते. मात्र गट जमवताना मैत्रीपेक्षा कौशल्य पाहावे. पायवाटांची प्रतवारी हिरवे वर्तुळ, निळा चौकोन, काळा हिरा आणि दुहेरी काळा हिरा अशी चढत जाते. ज्याला निळ्या वाटेवर सायकलीवरून न उतरता, न घाबरता ती चालवता येत नसेल, त्याने हेलिकॉप्टरचे पैसे भरण्याची घाई करू नये.

आता सराव. सत्तरीतल्या केरीहून बेळगावकडे वर जाणारा चोर्ला घाट समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरपर्यंत पोहोचतो, म्हणजे गोव्यात सहज मिळणारा सर्वांत लांब उतारसुद्धा हेलिकॉप्टरच्या दीड हजार मीटरच्या उताराच्या जेमतेम निम्मा भरतो. म्हणून तो एकदा उतरून भागत नाही. मित्राच्या पिकअपमध्ये सायकली घालून वर जावे, खाली यावे, पुन्हा वर जावे, आणि एका सकाळी असे तीनदा करावे. तिसऱ्या वेळी हाताला मुंग्या येऊ लागल्या की आपण खरोखर कुठे आहोत ते कळते. हा डांबरी रस्ता आहे, त्यामुळे इथे तंत्र शिकायचे नसून फक्त सहनशक्ती आणि ब्रेकची शिस्त शिकायची. प्रत्येक लिव्हरवर एकच बोट ठेवावे, ब्रेक सतत घासत न ठेवता वळणाआधी जोराने दाबून वळणात सोडून द्यावा, आणि टाचा खाली दाबून वजन पायांवर घ्यावे, हातांवर नव्हे. पहाट उजाडताच सुरुवात करून बेळगावची वाहतूक वाढण्यापूर्वी संपवावे. अनमोड घाट जड ट्रकांमुळे या कामाला योग्य नाही.

तंत्रासाठी जांभ्याचे सडे आणि काजूच्या बागांतल्या पायवाटा उत्तम, अर्थात बागेच्या मालकाला विचारून. पावसाळ्यात जांभ्यावर धरणारे शेवाळ आणि झाडांची ओली मुळे हे परदेशातल्या त्या वाटांवरील ओल्या जंगलपट्ट्याची बऱ्यापैकी नक्कल करतात. अशा जागी मूळ काटकोनात ओलांडायचे आणि त्यावर असताना ब्रेक लावायचा नाही, एवढे अंगवळणी पडले तरी जुलैचे चीज झाले म्हणावे. म्हादई, मोले किंवा खोतीगाव अभयारण्याच्या हद्दीत वन खात्याच्या परवानगीशिवाय सायकल घालू नये, आणि खाणींचे बंद रस्ते कितीही मोहक दिसले तरी ती खासगी व धोक्याची जागा असते. शक्य असल्यास प्रत्यक्ष सहलीआधी एक रंगीत तालीम मनालीला करावी. तिथे जीपने सायकल वर नेऊन लांब उतार करता येतो, आणि ३,९७८ मीटरच्या रोहतांगला विरळ हवेचा अनुभव फुकटात मिळतो. परदेशातल्या या सहली बहुधा २,५०० मीटरच्या आतच असतात. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो, त्यामुळे पर्वतीय आजाराची भीती कमी असली, तरी किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला छोट्या चढालाही धाप लागते.

सायकल स्वतःची न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी, हा पुढचा प्रश्न. पुढे-मागे १४० ते १६० मिलिमीटर सस्पेन्शन, ड्रॉपर पोस्ट (चालवता चालवता बैठक खाली-वर करणारा दांडा), ट्यूबलेस टायर आणि चार पिस्टनचे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असलेली सायकल आपल्याकडे नसेल, तर भाड्याचीच घ्यावी. मात्र एक गोष्ट कुणी सांगत नाही. आपल्याकडे बहुतेक सायकलींवर, मोटारसायकलीप्रमाणेच, पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. कॅनडात तो डाव्या हाताला असतो. मी पहिल्यांदा अशी उलट जोडलेली सायकल घेतली, तेव्हा मागचा समजून पुढचा ब्रेक दाबला आणि हँडलवरून थेट झुडपात गेलो. नशिबाने ते झुडूप दुकानामागच्या मैदानातले होते. दुकानदाराला सांगून दोन्ही लिव्हरांची अदलाबदल करून घ्यावी, हे काम थोडक्या वेळाचे असते. न्यूझीलंडमध्ये पुढचा ब्रेक आपल्यासारखाच उजवीकडे असतो.

स्वतःची सायकल नेणाऱ्याने निघण्यापूर्वी ब्रेकचे तेल बदलावे. डॉट प्रकारचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. गोव्याच्या दमट हवेत वर्षभर राहिलेले असे तेल लांब उतारावर तापले की उकळते आणि लिव्हर पोकळ लागू लागतो. पॅड धातुमिश्रित घ्यावेत, आणि आपल्याच मॉडेलचा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) सुटा बरोबर ठेवावा, कारण तो तिथल्या दुकानात मिळेलच असे नाही. ई-सायकल विमानाने नेण्याचा विचार सोडावा, तिची बॅटरी प्रवासी विमानाच्या मर्यादेपेक्षा कितीतरी मोठी असते. न्यूझीलंडला जाताना सायकल, बूट आणि हेल्मेट अक्षरशः घासून धुवावेत व वापरलेली सायकल असल्याचे विमानतळावर जाहीर करावे. त्यांचा जैवसुरक्षा विभाग मातीबाबत अत्यंत कडक आहे, आणि आपली तांबडी माती टायरच्या खाचांतून सहजी निघत नाही.

हेलिकॉप्टरपाशी वागण्याचे नियम थोडे आहेत, पण त्यांत चुकीला जागा नाही. उड्डाणाआधी प्रत्येकाचे सामानासह वजन होते. हवा जितकी उष्ण आणि जागा जितकी उंच, तितकी हवा विरळ आणि पात्यांना मिळणारा उचल कमी, त्यामुळे वैमानिकाला खरा आकडा हवा असतो. तिथे लाजून दोन किलो कमी सांगू नयेत. सायकली बाहेरच्या रॅकवर किंवा जाळीत बांधून नेतात, ते काम मार्गदर्शकच करतो. आपण समोरून, वैमानिकाच्या नजरेसमोरून आणि त्याने खूण केल्यावरच, वाकून जवळ जावे. शेपटीकडे कधीही जाऊ नये, कारण फिरणारा मागचा पंखा डोळ्यांना दिसत नाही. उतारावर यंत्र उभे असेल तर खालच्या बाजूने जावे आणि खालच्याच बाजूने निघावे, कारण वरच्या बाजूला पाती जमिनीच्या जवळ असतात. टोपी, रुमाल, सुटे जाकीट आधीच पिशवीत कोंबावे आणि खांद्याच्या वर काही उचलू नये. वर उतरल्यावर सायकली आडव्या पाडून सामानावर हात ठेवून गुडघ्यावर बसून राहावे, हेलिकॉप्टर पूर्ण उडून जाईपर्यंत. कॅनडात अस्वलांसाठीचा फवारा बरोबर असतो. तो केबिनमध्ये फुटला तर वैमानिकच आंधळा होईल, म्हणून तो मार्गदर्शकाकडे द्यावा, तो बाहेरच्या पेटीत ठेवतो.

यंत्राचा आवाज विरल्यावर लगेच सुटू नये. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी घटते, आणि गोवेकराला हे आकड्यापेक्षा बोटांत आधी कळते. गार बोटांनी ब्रेकचा अंदाज चुकतो. पातळ थर एकावर एक घालावेत, वारा अडवणारे जाकीट वर असावे, पूर्ण बोटांचे हातमोजे दोन जोड न्यावेत. गुडघ्याचे पॅड आणि चेहरा झाकणारे हेल्मेट असल्याशिवाय निघू नये. पहिला टप्पा मुद्दाम हळू करावा, पुढच्यापासून दोन वळणांचे अंतर ठेवावे, आणि मार्गदर्शक थांबला की वाटेच्या कडेला थांबावे. मागचे चाक घसरवत वळणे घेऊ नयेत. त्या उंचीवरचे गवत आणि फुलझाडे वर्षातून मोजके आठवडेच वाढतात, एकदा उखडलेली जागा वर्षानुवर्षे उघडी राहते. हात दुखू लागले तर सांगावे. मार्गदर्शकाला थांबायची सवय असते, जखमी माणूस उचलायची वेळ आणणे त्याला आवडत नाही.

प्रवासविमा घेताना डोंगरातील सायकलिंग आणि हेलिकॉप्टरने सुटका हे दोन्ही शब्द पॉलिसीत स्पष्ट आहेत का, ते वाचावे. ‘साहसी खेळ’ एवढ्यावर विसंबू नये.

वेळापत्रकात किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत, कारण ढग खाली आले की कुणाचीही विनवणी चालत नाही. तो दिवस खोलीत घालवण्याची गरज नाही. क्वीन्सटाउनला गोंडोलाने (डब्यांच्या रोपवेने) आणि ब्रिटिश कोलंबियातील व्हिसलरला स्की-लिफ्टने हंगामात सायकली वर नेता येतात, आणि हातांचा उरलेला सराव तिथेच पुरा करता येतो.