बैलाच्या पोटाखालची सावली

पुण्याच्या एका स्टुडिओने चाचणीसाठी थ्रीडीत एक प्राणी करून मागितला, तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. अमळनेरजवळ आमच्या शेतावर निमाडी बैलजोडी आहे, तांबूस अंग, त्यावर पांढरे चट्टे. त्यातला एक बनवायला घेतला. दीड महिना खपलो आणि नकार आला. ते दिवस आठवले की अजून पोटात खड्डा पडतो.

ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर, यूव्ही म्हणजे मॉडेलचं अंग रंगवायला सपाट उलगडणं, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. आकारात माझी एकच मोठी चूक झाली. मागच्या पायात मागे वळलेला सांधा मी गुडघा समजलो. तो घोटा असतो. गुडघा वर, पोटाच्या कडेला कातडीत दडलेला. हाडं इथे चुकली तर बैल चालवताना पाय मोडका दिसणार. आणि वरच्या जबड्यात पुढचे दात बसवू नका, बैलाला ते नसतातच.

खरा घात रंगात झाला. फोटो काढले एप्रिलच्या भर दुपारी. वशिंडावर पांढरंफटक ऊन, गळ्याच्या पोळीत आणि पोटाखाली काळीकुट्ट सावली. तेच फोटो मॉडेलवर चढवून बेस कलर, म्हणजे मॉडेलचा मूळ रंग, केला. पडद्यावर बैल इतका जिवंत वाटला की मी रात्रभर त्याच्याकडेच बघत बसलो. दृश्य मात्र पोळ्याच्या संध्याकाळचं होतं, उजेड डावीकडून, मावळतीच्या सूर्याचा, तिरपा येणारा. आमच्या म्हाताऱ्या सालदारांना दाखवलं. ते म्हणाले, "भाऊ, हाऊ बैल दुपारना शे का?"

मी ते मनावर घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

बेस कलरमध्ये फक्त कातडीचा स्वतःचा रंग हवा. ऊन-सावली प्रोग्रॅम मोजतो. फोटोतली सावली रंगात राहिली की दिवा कुठूनही लावा, ती जागची हलत नाही, आणि प्रोग्रॅमची सावली तिच्यावर आणखी चढते. माझ्या बैलाच्या पोटावर सांजेचं ऊन पडत होतं तरी पोट काळंच, आणि वशिंड डोक्यावर सूर्य असल्यासारखं चमकत होतं. आता मी रंग झाला की एचडीआरआय, म्हणजे दृश्याला चहूबाजूंनी उजेड देणारं चित्र, पूर्ण एक फेरी फिरवतो. उजेड फिरूनही जो काळा डाग हलत नाही, तो खऱ्या बैलावर आहे का ते गोठ्यात जाऊन बघतो. नसेल तर पुसतो. फोटो उघड्या उन्हात काढूच नका. सूर्य उगवायच्या आधी काढा, नाहीतर ढग असताना.

रफनेसचा नकाशा म्हणजे कातडी कुठे खरखरीत, कुठे चकचकीत हे आकड्यांत सांगणारं चित्र; आकडा लहान तितकी चकाकी जास्त. त्याला कलर स्पेस नॉन-कलर द्या, म्हणजे प्रोग्रॅम ते आकडे रंग समजून बदलत नाही. एसआरजीबी, म्हणजे रंगीत फोटोंची सेटिंग, राहिली तर ०.५ चं साधारण ०.२१ होतं आणि सगळी कातडी ओल्या नाकपुडीसारखी चकाकते.

एका फोटोवरून आपोआप टेक्श्चर, म्हणजे मॉडेलवर चढवायचं चित्र, करून देणाऱ्या साधनांवर माझा भरवसा नाही. ऊन कुठलं आणि कातडी कुठली, हे ओळखायला तुमचा डोळा शिकतच नाही. महागड्या क्लासबद्दलही तेच. तिथले सर माझी फाइल दोन मिनिटं बघायचे आणि "छान" म्हणायचे. तुमची चूक बोट ठेवून दाखवेल असं माणूस शोधा, मग त्याला संगणक येत नसला तरी चालेल.

घाबरू नका मात्र. आकार बरा असेल तर रंग पुन्हा करता येतो, मला नऊ दिवस लागले. त्या श्रावणात ढग दाटून आले होते तेव्हा बैलाला गोठ्याबाहेर उभं केलं आणि नव्याने फोटो घेतले. पोटाखाली पांढरे ठिपके निघाले, माझ्या पहिल्या मॉडेलमध्ये नसलेले. दुपारच्या सावलीत ते कधी दिसलेच नव्हते.