गिअरचं गणित कुठे चुकत होतं

हाताने फिरवायच्या छोट्या विंचचं (ड्रमवर दोरी गुंडाळून वजन ओढणाऱ्या यंत्राचं) गणित मी हँडलकडच्या पहिल्या आणि ड्रमकडच्या शेवटच्या गिअरच्या दात्यांवरून मांडलं होतं: ४० भागिले १२, म्हणजे जेमतेम ३.३३ पट टॉर्क (फिरवणारा जोर). हँडल मात्र त्या मानाने फारच हलकं फिरत होतं. शेवटी झाकण काढलं. मधे ३६ दात्यांचं मोठं आणि १० दात्यांचं छोटं चाक एकाच शाफ्टवर (दांड्यावर) घट्ट बसवलेली! मधे एकच चाक असतं तर त्याचे दाते गणितातून उडाले असते. ते फक्त दिशा बदलतं. इथे दोन जोड्या होत्या: ३६/१२ म्हणजे ३, ४०/१० म्हणजे ४, गुणाकार १२. ड्रमवर खडूने खूण करून हँडलचे फेरे मोजले. बरोबर १२ भरले, तेव्हा जीव भांड्यात पडला. घर्षणामुळे प्रत्यक्ष टॉर्क थोडा कमीच मिळतो. दोरीला मिळणारी ओढ काढायची, तर हँडलची लांबी भागिले ड्रमची त्रिज्या हे गुणोत्तर या १२ ला वेगळं गुणायचं.