अनुदानाची जाहिरात यायच्या आधी काय काय जमवून ठेवायचं

जाहिरात येते तेव्हा हातात दहा-पंधरा दिवस असतात आणि कागद जमवायला सहा महिने लागतात, सगळा घोळ इथूनच सुरू होतो. परवा एका नवीन एलजीबीटी (समलिंगी, बाय, ट्रान्सजेंडर) ग्रुपमधल्या मुलांनी विचारलं की ताई, आम्हाला पण सरकारी फंड मिळेल का, काय तयारी करू? फोनवर तासभर बोलले, तरी अर्धं राहिलंच. म्हणून लिहून टाकतेय.

सगळ्यात आधी दार कुठलं ते ठरवा, कारण आपल्याकडे ‘एलजीबीटी संस्थांसाठी अनुदान’ अशी एकच खिडकी नाहीये. जुनं दार आरोग्याचं, म्हणजे एचआयव्हीचं. नॅको म्हणजे केंद्राची एड्स नियंत्रण संस्था, तिचे टार्गेटेड इंटरव्हेन्शन प्रोजेक्ट (जास्त धोका असलेल्या गटांमधलं एचआयव्ही रोखायचं काम), ज्याला सगळे नुसतं ‘टीआय’ म्हणतात, ते मुंबईत एमडॅक्स (मुंबईची एड्स नियंत्रण सोसायटी) देतं आणि बाकी महाराष्ट्रात एमसॅक्स (राज्याची). त्यात एमएसएम (पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष) आणि टीजी-हिजडा (ट्रान्सजेंडर) असे गट आहेत आणि काम म्हणजे आउटरीच (लोकांपर्यंत जाऊन भेटणं), कंडोम-ल्युब वाटप, टेस्टिंगला नेणं, आयसीटीसी (तपासणी-समुपदेशन केंद्र) आणि एआरटीशी (एचआयव्हीचे औषधोपचार) जोडून देणं. दुसरं दार सामाजिक न्यायाचं, तिथे शब्दच ‘ट्रान्सजेंडर’ किंवा ‘तृतीयपंथी’ असा आहे. केंद्राची स्माइल योजना 12 फेब्रुवारी 2022 ला सुरू झाली, 2021-22 ते 2025-26 साठी 365 कोटींची, पण हा आकडा ऐकून उड्या मारू नका, त्यात भीक मागणाऱ्यांचं पुनर्वसन पण आहे. गरिमा गृह म्हणजे निवारागृह, ते याच योजनेतलं. आता तो काळ संपलाय, त्यामुळे मंत्रालयाची ताजी गाइडलाइन स्वतः वाचल्याशिवाय कोणाच्या जुन्या पीडीएफवर विसंबून प्रपोजल लिहू नका.

आणि लेस्बियन, बाय मुलींचा सपोर्ट ग्रुप असेल तर खरं सांगते, या दोन्ही दारांत तुमची मोजदादच नाही. ट्रान्स पुरुष पहिल्या दारात बसत नाहीत, दुसऱ्यात बसतात का ते ताजी गाइडलाइन बघूनच ठरवा. अशा वेळी मोह होतो की चला आपण पण एचआयव्हीचं लिहू, पैसा तर येईल. आम्ही केलंय हे. आमचं मूळ काम हेल्पलाइनचं, रात्री घरून हाकललेल्या पोरांचे फोन यायचे, आणि प्रोजेक्ट आल्यावर वर्षभर तीच माणसं टेस्टिंगचे आकडे भरत बसली, फोन वाजत राहायचा. तेव्हा जे करता तेच लिहा, आणि जे त्यात बसत नाही त्याला सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी) किंवा वर्गणी शोधा.

आता कागद. ट्रस्टची किंवा सोसायटीची घटना काढा आणि उद्देशांचं पान वाचा, नुसतं ‘समाजातील दुर्बल घटकांची सेवा’ असेल तर तृतीयपंथी आणि लैंगिक अल्पसंख्याक हे शब्द घालून घ्या, कारण छाननी करणारा क्लार्क शब्दच शोधतो. मग धर्मादाय कार्यालयाचा परिशिष्ट-1 चा उतारा. त्यावरची नावं आणि आज प्रत्यक्षात असलेली माणसं एकच आहेत का? आमची नव्हती. एक जण बेंगळुरूला गेला, एकीने लग्नानंतर राजीनामा दिला आणि ट्रस्टी बदलल्याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात कोणीच टाकला नव्हता. बदल झाल्यापासून 90 दिवसांत तो टाकायचा असतो, उशीर झाला तर माफीचा अर्ज वेगळा, आणि मंजूर व्हायला किती लागेल ते वकील पण सांगत नाही. हे एकच काम आज सुरू करा, बाकी उद्या केलं तरी चालेल.

पॅन, बारा-ए आणि ऐंशी-जी (इन्कम टॅक्स सवलतीच्या नोंदण्या), तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, इन्कम टॅक्स रिटर्न, वार्षिक अहवाल, हे नेहमीचंच. एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलचा आयडी लागतोच लागतो, आणि त्यात पदाधिकाऱ्यांचे पॅन-आधार द्यावे लागतात. इथे थांबा जरा. दर्पणवर संस्थेच्या पानावर पदाधिकाऱ्यांची नावं कोणालाही दिसतात. आपल्याकडे अर्धे ट्रस्टी घरी सांगितलेलंच नसतं असे असतात, उत्साहात सही करतात आणि मग गावाकडचा कोणी चुलतभाऊ गुगल करतो. म्हणून ट्रस्टी करायच्या आधी समोर बसवून विचारा की बाबा, तुझं नाव उघड दिसणार आहे, चालेल का? नाही म्हणाला तर व्हॉलंटियर राहू दे, त्यात काही कमीपणा नाही. उलट नंतर घाबरून राजीनामा दिला की परत तोच बदल अर्ज, तेच चक्कर.

नावांवरून आठवलं, व्हाउचर. ऑडिटमध्ये आमची सगळ्यात जास्त खरडपट्टी इथे निघालीय. मानधनाच्या व्हाउचरवर सही ‘रेशमा’, मस्टरवर ‘रेश्मा’, बँक खात्यावर आणि आधारवर आई-बापाने ठेवलेलं नाव, आणि समोर बसलेला ऑडिटर विचारतोय ही माणसं दोन की तीन? त्याचं पण चुकत नव्हतं म्हणा. आता आम्ही काय करतो, एक कुलपातलं रजिस्टर ठेवतो ज्यात हाक मारायचं नाव, कागदावरचं नाव, फोटो आणि सहीचा नमुना एकाच ओळीत, आणि ते फक्त अकाउंटंट आणि ऑडिटर बघतो. शिवाय ज्यांना हवंय त्यांचं जिल्हाधिकाऱ्यांकडचं तृतीयपंथी ओळखपत्र नॅशनल पोर्टलवरून अर्ज करून काढून घ्यायला मदत करतो, म्हणजे पुढे आधार-बँक बदलता येतं. क्लायंटची यादी मात्र यात कधीच मिसळायची नाही, टीआयमध्ये ती कोड नंबरवर चालते आणि तशीच राहिली पाहिजे, कोणी कितीही मोठा साहेब नावं मागू दे.

चहाचं बिल पण सांभाळा. टपरीवाला बिल देत नाही, तर कॅश व्हाउचर बनवून तारीख, मिटिंगचा विषय, किती जण, आणि हजेरीचा कागद पिनने लावा, त्याच दिवशी. महिनाअखेरीस बसून सगळ्या व्हाउचरवर एकाच पेनाने एकाच हस्ताक्षरात लिहिलं की ते लांबूनच कळतं.

जागा. भाड्याचा करार नोंदणीकृत लागतो आणि घरमालकाला ‘सामाजिक संस्था’ एवढंच सांगून घेतलेली खोली तिसऱ्या महिन्यात सोडावी लागते, आम्ही दोनदा सोडलीय. त्याला आधीच स्पष्ट सांगा की इथे कोण येणार, नकार मिळाला तर आत्ताच मिळू दे. महापालिकेची वापरात नसलेली खोली मिळते का ते पण बघा, हमसफर ट्रस्टला 1990 च्या दशकात मुंबई महापालिकेने वाकोल्यात जागा दिली होती, आणि जागा म्हणजे पण अनुदानच की.

पैशाचं गणित आता. पैसा हप्त्यात येतो आणि उशिरा येतो, गरिमा गृहांचे पैसे महिनोन्महिने रखडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. निदान चार-सहा महिन्यांचं भाडं आणि पगार कुठून येणार ते कागदावर मांडा, नाहीतर पहिला पगार थकतो तो पीअर एज्युकेटरचा (आपल्यातलीच फील्डवरची कार्यकर्ती), जिचं घर त्यावरच चालतं. प्रोजेक्टचं बँक खातं वेगळं आणि पीएफएमएसवर (सरकारी पैशाचा माग ठेवणारं पोर्टल) नोंदवलेलं. केंद्राच्या अनुदानावर जे व्याज पडतं ते आपलं नसतं, परत भरायचं असतं. त्या पैशातून घेतलेला लॅपटॉप, कपाट, पंखा, सगळं मालमत्ता रजिस्टरमध्ये, विकायचं तर परवानगी. आणि युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला), केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर 12-ए च्या नमुन्यात, सीएच्या सहीने, वर्ष संपल्या संपल्या, कारण ते अडकलं की पुढचा हप्ता अडकतो. सीए असा शोधा जो ट्रस्टचं काम करतो आणि ऑफिसला येऊन मुलींशी नीट बोलतो. आमचा पहिला सीए पावत्या घ्यायला गेटबाहेरच उभा राहायचा.

सगळ्यात शेवटी व्हिजिट. टीआयसाठी आधी कागद तपासतात, मग जॉइंट अप्रेझल टीम (संस्था तपासणारी टीम) प्रत्यक्ष येते. ओरिजिनल कागद एका फाइलमध्ये, झेरॉक्स दुसऱ्या, प्रोसिडिंग बुक अपडेट, ठरावावर सह्या. डीआयसीमध्ये (ड्रॉप-इन सेंटर, आपली माणसं येऊन बसतात ती जागा) त्या दिवशी जेवढी माणसं एरवी येतात तेवढीच असू द्या, पन्नास जण गोळा करून आणले की टीमला कळतं, ते एकालाच बाजूला घेऊन विचारतात की मागच्या महिन्यात इथे कधी आला होतास? आणि रस्त्यावर कोणाला तरी उभं करा, आपण बोर्ड लावत नाही ना. मागच्या वेळी टीम वीस मिनिटं खालच्या शिवणक्लासमध्ये बसून होती, तिथल्या बाईंनी त्यांना चहा पण पाजला.