ताऱ्यांचा जन्म समजून घेताना या चुका टाळा

हिवाळ्यात आकाशदर्शनाला आलेल्यांना मी आधी मृग नक्षत्र दाखवतो. बाणाचे तीन तारे सगळ्यांना सापडतात. त्यांच्या दक्षिणेला फिकट ताऱ्यांची छोटी ओळ लोंबते. तिच्यातला मधला ‘तारा’ द्विनेत्रीतून पाहिला, की ठिपका राहत नाही. काचेवर फुंकर मारल्यावर उमटणाऱ्या वाफेसारखा पसरट दिसतो. हा मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग, सुमारे १३५० प्रकाशवर्षांवरचा. तिथे आजही तारे जन्मताहेत.

पहिली निराशा इथेच होते. फोटोतला गुलाबी रंग कुठे गेला? अंधुक प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग ओळखता येत नाहीत, कॅमेरा मात्र बराच वेळ प्रकाश साठवतो. रंग खोटा नाही, मुख्यतः हायड्रोजनचा आहे. करडा डाग दिसला म्हणून दुर्बिणीला दोष देऊ नका.

‘तारा पेटतो’ हा शब्दप्रयोग तर शक्यतो टाळाच. पेटायला ऑक्सिजन लागतो. ताऱ्याच्या गाभ्यात हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचं संमीलन होऊन हेलियम तयार होतो. सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन असा वापरतो.

सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच. तारा तापलेला, म्हणजे तो तापलेल्या मेघातूनच घडत असणार, असं जवळपास प्रत्येकाला वाटतं. खरं तर मेघ गार असावा लागतो. शून्याखाली २६० अंश सेल्सिअसच्या आसपास. वायू गरम असला की त्याचा दाब बाहेर रेटतो आणि गुरुत्वाकर्षणाला दाद देत नाही. म्हणून आधी उष्णता बाहेर पडायला हवी, आणि हे काम कार्बन मोनॉक्साइडसारखे रेणू करतात. हायड्रोजनचा रेणू येऊन धडकला की हा रेणू गिरकी घेतो आणि ती ऊर्जा रेडिओलहरींच्या रूपात सोडून देतो. लहरी मेघाबाहेर निसटतात, मेघ निवतो, दाब कमी पडतो आणि गुरुत्वाकर्षण जिंकतं. मेघ आकसत जातो, तसा मधला गोळा तापतो. संमीलन सुरू होण्याआधीच तो नुसत्या आकुंचनाच्या उष्णतेवर प्रकाशत असतो. गाभा सुमारे एक कोटी अंशांवर पोहोचला, की मग हायड्रोजनचं संमीलन जोर धरतं.

इथे रसायनशास्त्र वगळून चालेल? हायड्रोजनचे दोन अणू एकत्र येतात तेच मुळात धुळीच्या कणांच्या पृष्ठभागावर. तरीही विद्यार्थी खगोलशास्त्राला भौतिकशास्त्राच्या कप्प्यात बंद करतात. रेणूंत बांधला जाण्याआधीचा हायड्रोजन २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओलहरी सोडतो. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना हा हायड्रोजन टिपतात. तिथे रेडिओ अभियांत्रिकीशिवाय पान हलत नाही.

कप्पे मोडले की काय होतं, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण भारतीय शास्त्रज्ञ मेघनाद साहांचं. कोणत्या तापमानाला किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात, याचं समीकरण त्यांनी १९२०मध्ये मांडलं. त्यात उष्णतेचं शास्त्र आणि रासायनिक समतोलाची कल्पना हातात हात घालून आली. तेच समीकरण घेऊन हार्वर्डमध्ये खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन यांनी ताऱ्यांचे वर्णपट, म्हणजे प्रकाशाचे रंगांनुसार पसरलेले पट्टे, वाचले. तारे प्रामुख्याने हायड्रोजनचे आहेत, असं गणित सांगत होतं. त्या काळचे नामांकित खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांना ते अशक्य वाटलं, म्हणून १९२५च्या प्रबंधात पेन यांनी हा आकडा जवळपास नक्कीच खरा नाही असं लिहिलं. चार वर्षांनी रसेल दुसऱ्या वाटेने त्याच उत्तरापाशी पोहोचले.