काटे नंतर मोजा, आधी भोक शोधा: स्पिनिफेराइट्स रॅमोसस कसा ओळखायचा

स्लाईडवर काटेरी गोळा दिसला की आपली पोरं लगेच वहीत स्पिनिफेराइट्स रॅमोसस (समुद्रातल्या एका सूक्ष्म एकपेशी जीवाच्या जीवाश्माचं नाव) लिहून मोकळी होतात, मी पण आधी तेच करायचे. आपल्या सोलापुरात पायाखाली सगळा काळा पाषाण, थंड झालेला लाव्हा, त्यात हे समुद्रातले जीव कुठनं मिळणार, म्हणून तयार स्लाईडवरच हात बसवावा लागतो. मी तमिळनाडूतल्या अरियलूरकडच्या क्रिटेशस शेलवर, म्हणजे डायनोसॉरच्या काळातल्या चिखलाच्या दगडावर शिकले.

वर्गीकरण लक्षात ठेवायला सोपंय. डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे चाबकासारख्या शेपट्यांनी पोहणारे एकपेशी जीव, वर्ग डायनोफायसी, गण गोनिओलॅकेल्स, कुळ गोनिओलॅकेसी. एरेनबर्ग या शास्त्रज्ञाने १८३०च्या दशकात चकमकीच्या दगडात हा बघितला आणि त्याला झँथिडियम म्हटलं, स्पिनिफेराइट्स हे नाव नंतर मँटेलने दिलं. आपल्याला दिसते ती फक्त सिस्ट, म्हणजे विश्रांतीच्या काळातलं कवच, ते इतकं चिवट की ॲसिडमध्ये दगड विरघळतो आणि हे उरतं. पण हायड्रोफ्लोरिक ॲसिडला घरी किंवा साध्या लॅबमध्ये हात लावू नका, ते कातडीतून आत हाडापर्यंत जातं.

आता स्लाईड. आधी ४०० पटीवर गोळा धरा, मधलं अंग साधारण ३० ते ५० मायक्रॉनचं असतं. मग फाईन फोकस हळूहळू खालीवर फिरवत भोक शोधा, त्याला आर्किओपाईल म्हणतात, पेशी त्यातूनच बाहेर पडते. असले काटेरी गोळे नेमके कुणाचे हे कित्येक वर्षं कळत नव्हतं, १९६१ला इव्हिटने याच भोकावरून ते डायनोफ्लॅजेलेटच्या सिस्ट आहेत हे दाखवलं, म्हणून मी भोकावर एवढा जोर देते. रॅमोससमध्ये पाठीकडची एकच प्लेट (कवचावरच्या तुकड्यांपैकी एक) निघालेली असते, कंबरपट्ट्याच्या, म्हणजे मधल्या अंगाभोवतीच्या पट्ट्याच्या, वरच्या रांगेतली तिसरी. म्हणजे भोक दिसलं की ती पाठ, उलटी बाजू पोट. भोक अगदी टोकाला असेल आणि काटे नळीसारखे असतील तर हिस्ट्रिकोस्फिरिडियम या दुसऱ्या प्रजातीकडे बघा, हा नव्हे.

मग कंबरपट्टा, दोन समांतर कंगोरे गोल फिरतात आणि पोटाकडे त्यांची टोकं एका पातळीत जुळत नाहीत. काटे कुठनं निघतात ते नीट बघा, प्लेटच्या मधनं नाही, जिथं प्लेटचे कोपरे मिळतात तिथनं. खाली बारीक कंगोऱ्यांनी ते जोडलेले असतात, कंगोरेच नसतील तर ती अकोमोस्फेरा ही वेगळी प्रजाती. टोकाला काट्याला तीन फांद्या फुटतात, प्रत्येक फांदीचं टोक परत दुभंगलेलं, हे बघायला १००० पट आणि ऑइल लागतंच. दोन कोपऱ्यांच्या मधे पण काटे असले आणि खालच्या टोकाला पडद्यासारखी झालर असली तर तो स्पिनिफेराइट्समधलाच दुसरा, मिराबिलिस.

बघता बघता पेन्सिलने चित्र काढत जा, फोटोत एकाच पातळीचं फोकस येतं. आणि टोकं तुटलेली असली, भोक दुमडलेलं असलं, तर ओढूनताणून रॅमोसस करू नका, स्पिनिफेराइट्स एसपी. (म्हणजे नेमका कुठला ते ठरलेलं नाही) एवढंच लिहा आणि पुढच्या गोळ्याकडे जा.