बाळाला दूध बाधतंय? कोल्हापुरात खास पावडर परवडेल अशी कशी मिळवाल

गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध ग्लासभर पिणारं आपलं गाव. इथं बाळाला दूधच बाधतंय हे घरच्यांना पटवणं हे पहिलं अवघड काम. माझ्या भाचीच्या शीतून रक्त जायचं, अंगावर पुरळ उठायचं, आणि घरात रोज नवा सल्ला यायचा: गाईचं नको तर म्हशीचं द्या, तेही नको तर शेळीचं. तीन महिन्यांत चार तऱ्हेचे डबे आले, त्यातले तीन वाया गेले. स्वस्त डबा शोधण्याआधी नेमका डबा कुठला, हे कळायला हवं होतं.

आधी निदान कागदावर घ्या

"दूध सोसत नाही" एवढ्यावर मेडिकलमध्ये जाऊ नका. बालरोगतज्ज्ञांना विचारा, नेमकं काय सोसत नाही? त्रास दुधातल्या साखरेचा, म्हणजे लॅक्टोजचा असेल, तर तान्ह्या बाळात तो बहुतेकदा जुलाबांनंतर येतो आणि तात्पुरता असतो. लॅक्टोज-फ्री पावडर साधारण दोन ते चार आठवडेच लागते, त्यामुळं सहा डबे एकदम भरू नका.

त्रास दुधातल्या प्रथिनाचा, म्हणजे ॲलर्जीचा असेल, तर लॅक्टोज-फ्री डब्याचा काही उपयोग नाही, कारण त्यात प्रथिन तेच असतं. म्हशीच्या आणि शेळीच्या दुधातली प्रथिनंही गाईच्या दुधासारखीच असल्यानं तिथंही तोच धोका. आमचे पैसे बुडाले ते इथंच. गॅलेक्टोसेमिया हा जन्मजात, दुर्मीळ आजार वेगळा. त्यात आईचं दूधही बंद करावं लागतं आणि सोयाची पावडर चालते.

आई अंगावर पाजत असेल तर

ॲलर्जीच्या बाळाला आईचं दूध सहसा चालतं. डॉक्टरांच्या सल्ल्यानं आईनं दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, पनीर, खवा बंद करून बघायचं आणि स्वतःला कॅल्शियमची गोळी घ्यायची. बाळाची तक्रार थांबली तर डब्याची गरजच उरत नाही. हे सोडून थेट महागड्या डब्याकडं जाऊ नका, एवढं मी हात जोडून सांगेन.

कुठली पावडर, आणि महिन्याचा हिशोब

ॲलर्जीसाठी ढोबळमानानं तीन पायऱ्या आहेत. सोयाची पावडर सगळ्यात स्वस्त, पण सहा महिन्यांच्या आत सहसा देत नाहीत आणि काही बाळांना सोयाही बाधतो. त्यावर प्रथिनाचे बारीक तुकडे केलेली, म्हणजे एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड पावडर. ती बऱ्याच जास्त किमतीला मिळते, पण ॲलर्जीच्या बहुतेक बाळांना चालते. सगळ्यात वरची अमिनो ॲसिडची. ती तीव्र त्रासासाठी किंवा आधीची सोसली नाही तर. डॉक्टरांना सरळ विचारा, "यापेक्षा एक पायरी खालची चालेल का? नसेल तर का?" आणि चिठ्ठीवर एका ब्रँडऐवजी प्रकार आणि चालणारे दोन-तीन ब्रँड लिहून मागा. भाव विचारत फिरायची मोकळीक त्यानं मिळते.

मग हिशोब. पाच किलोचं, फक्त डब्यावर असलेलं बाळ दिवसाला साधारण ७५० मिली घेतं. १०० मिलीला १३-१४ ग्रॅम पावडर धरली तर रोज शंभर ग्रॅम. म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा चार दिवस, महिन्याला सात-आठ डबे. दुकानात आणि ऑनलाइन डब्याच्या नव्हे, ग्रॅमच्या भावानं तुलना करा.

खरेदी

असले डबे प्रत्येक मेडिकलमध्ये नसतात. सीपीआर (सरकारी रुग्णालय), राजारामपुरी, शाहूपुरी भागातल्या मोठ्या मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवा आणि स्टॉकिस्टकडून मागवाल का, महिन्याचे एकदम घेतले तर भाव काय, न उघडलेला डबा परत घ्याल का, हे विचारा. पहिल्यांदा एकच डबा घ्या. मुदतीची तारीख बघा, पक्कं बिल घ्या. फुकट सँपलची वाट बघू नका. १९९२ च्या कायद्यानं बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात, सँपल, भेटवस्तू यांवर बंदी आहे.

पुरवून वापरायला म्हणून पावडर कधीही पातळ करू नका. बाळाची वाढ खुंटते, जास्त पाण्यानं झटकेही येऊ शकतात. बचत करायची तर वाया जाणं थांबवा: लागेल तेवढंच कालवा, कारण बाळानं तोंड लावलेलं दूध तासाभरानं टाकावंच लागतं. सहा महिने पूर्ण झाले की पाण्यात शिजवलेलं नाचणीचं सत्त्व, भात, मुगाचं वरण सुरू करा. हळूहळू डब्याची गरज कमी होते. वरणावर तुपाऐवजी तेल घाला. बिस्किटाच्या पुड्यावर दूध लिहिलंय का, ते वाचा.

सरकारी मदत

सीपीआरमध्ये बालरोग विभागात दाखवा आणि समाजसेवा अधीक्षकांना भेटा; कुठल्या निधीत अर्ज बसतो ते त्यांना माहीत असतं. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही बाळाची फाइल दाखवा.

आजार दुर्मीळ असेल तर मोठी वाट आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात खास आहारावर सांभाळता येणाऱ्या आजारांची यादी आहे: फेनिलकीटोनुरिया, मेपल सिरप युरिन डिसीज, गॅलेक्टोसेमिया आणि प्रथिनांची तीव्र ॲलर्जीसुद्धा. नेमलेल्या केंद्रात नोंद झाल्यावर ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईत परळचं केईएम हे असं केंद्र आहे. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी दादरला उतरता येतं. सगळे रिपोर्ट, वाढीचा तक्ता, आधार, रेशन कार्ड, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स बरोबर घ्या.

डबा कधी थांबवायचा

ही ॲलर्जी बहुतेक मुलांची वयानुसार जाते, म्हणून दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना विचारा, "आता दूध देऊन बघायचं का?" घरी चमचाभर पाजून बघू नका, ओठ सुजणं किंवा धाप लागणं असा त्रास आधी झाला असेल तर अजिबातच नको. भाचीला दीड वर्षाची असताना दवाखान्यात बसवून थोडं थोडं दूध दिलं, दुपारपर्यंत थांबवून ठेवलं, काही झालं नाही. पुढच्या महिन्याचे डबे आम्ही आधीच आणले नव्हते, हे बरं झालं.